समुद्रावरची रसद

दिल्लीच्या जुन्या तटबंदीच्या अजमेरी दरवाजाबाहेर पहाडगंज नावाची वस्ती आहे. गंज म्हणजे पेठ, विशेषतः धान्याची पेठ. मोगल अमदानीत शाहजहानाबादच्या तटाबाहेर ज्या मोठ्या पेठा नांदत होत्या त्यांत पहाडगंजाची गणना होई, आणि राजधानीला लागणारे धान्य अशाच पेठांतून शहरात शिरे. आता तेथे धान्याच्या गोण्यांपेक्षा उतारूंचे सामानच अधिक दिसते. नवी दिल्ली स्थानकाच्या पश्चिम अंगाने बाहेर पडणारा मराठी उतारू प्रथम पहाडगंजातच पाऊल टाकतो. दिल्लीकर मराठी मंडळींचे बृहन्महाराष्ट्र भवन आणि त्यांच्या मुलांची नूतन मराठी शाळा याच भागात आहे.

दिल्ली आणि रसद हे दोन शब्द एकत्र उच्चारले की मराठी माणसाला पानिपत आठवल्यावाचून राहत नाही. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले रसद जमवीत असताना मारले गेले आणि पानिपतच्या छावणीतील चुली थंडावू लागल्या. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य मैदानात उतरले ते आधी भुकेने खचलेले होते. तोफा किती आणि घोडे किती याची मोजदाद इतिहासकार आवडीने करतात. बैलांच्या पाठीवरून किती धान्य आले नाही, याची मोजदाद तितक्या आवडीने होत नाही.

पहाडगंजात आज येणारी एक रसद अशी आहे की ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षा सीएनजीवर, म्हणजे दाबाखाली भरलेल्या नैसर्गिक वायूवर चालतात. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि पुढील चार-पाच वर्षांत दिल्लीच्या बसगाड्या व रिक्षा या इंधनावर आल्या. हा वायू उत्तरेकडे आणणारी जी मोठी नळवाहिनी आहे ती गुजरातेतील हजिरा येथून निघून मध्य प्रदेशातील विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत १९८८ च्या सुमारास पुरी झाली. आज तिच्यात परदेशांतून द्रवरूपाने आणलेला वायूही मिसळतो. परंतु ती मुळात टाकली गेली ती मुंबईच्या पश्चिमेस समुद्राखाली सापडलेल्या वायूसाठी. त्या क्षेत्राचे नाव साउथ बसीन. बसीन म्हणजे वसई. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या वसईचे नाव अशा रीतीने दिल्लीच्या रिक्षांपर्यंत जाऊन पोचले आहे, याची जाणीव त्या हाकणाऱ्याला नसते आणि आत बसणाऱ्यालाही नसते.

मात्र दिल्लीला रसद पुरविणाऱ्या या समुद्रातील विहिरींना स्वतःलाही रसद लागते. समुद्रात उभारलेला पोलादी प्लॅटफॉर्म म्हणजे विहिरी असलेला, पण प्यायला पाणी नसलेला गाव होय. तेथे मीठ सोडून काहीही निर्माण होत नाही. कांदा, बटाटा, पीठ, पिण्याचे पाणी, यंत्रांचे डिझेल, विहिरीत उतरविण्याचे लांबलचक पोलादी नळ, त्यांच्याभोवती ओतावयाचे सिमेंट, आणि विहीर खोदताना आत सोडावयाचा तो विशिष्ट चिखल, ज्याला कामगार 'मड' म्हणतात, त्यासाठी लागणारी बेंटोनाइट माती आणि बॅराइटची जड भुकटी, हे सारे किनाऱ्यावरून न्यावे लागते. माणसे हेलिकॉप्टरने जातात, सामान जहाजाने जाते. आणि आकाश बिघडले म्हणजे माणसांनाही जहाजाचाच आधार उरतो. या जहाजांना इंग्रजीत 'सप्लाय व्हेसल' म्हणतात. मराठीत पुरवठा-जहाज म्हणावे. किंवा जुना, अर्थवाही शब्द वापरावयाचा तर रसदेची जहाजे.

भारताच्या समुद्रतेलाची कथा सामान्यतः 'सागर सम्राट'पासून सांगण्यात येते. त्याआधी १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत संशोधन-जहाजाने खंबायतच्या आखातात आणि बाहेर भूकंपलहरींच्या साहाय्याने पाहणी केली होती आणि मुंबईच्या वायव्येस समुद्रतळाखाली एक विस्तीर्ण उंचवटा असल्याचे दिसून आले होते. १९७० साली आखातातील अलियाबेट येथे तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाने पहिली समुद्रविहीर खोदण्यास प्रारंभ केला. जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' ही खोदाई-रिग १९७३ साली आली. समुद्रतळावर पाय रोवून पाण्यावर उचलली जाणारी ही रिग मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर, ७० ते ८० मीटर खोल पाण्यात उभी राहिली आणि १९७४ च्या फेब्रुवारीत तेल लागले. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल समुद्रातच टँकरमध्ये भरून आणीत. १९७८ साली उरणपर्यंत नळ टाकले गेले. पुढे एक रुपयाच्या नोटेवर 'सागर सम्राट'चे चित्र छापण्यात आले. तो मान योग्यच होता. तिला नळ, पाणी आणि पीठ पुरविणाऱ्या जहाजांच्या वाट्याला मात्र नोट आली नाही, की पाठ्यपुस्तकातला धडाही आला नाही.

ही जहाजे जातीने निराळी आहेत. त्यांचा जन्म अमेरिकेतील मेक्सिकोच्या आखातात झाला. १९४७ साली तेथे किनारा दृष्टीआड होईल इतक्या दूर विहीर खोदण्यात आली, तेव्हा महायुद्धातून उरलेल्या नौका स्वस्तात घेऊन त्यांच्यावरच सामान लादीत. त्या नौका सैनिक आणि रणगाडे उतरविण्यासाठी बांधलेल्या. नळांच्या भाऱ्यांना त्यांच्यावर जागा अडचणीची पडे. १९५५-५६ च्या सुमारास, युद्धकाळात नौदलात काम केलेल्या आल्डन लाबोर्ड या लुइझियानातील गृहस्थाच्या कल्पनेतून एक नवे जहाज उतरले. त्याने सुकाणूघर आणि खलाशांच्या खोल्या सगळ्या पुढे, अगदी तोंडाशी नेऊन बसविल्या आणि मागचा सारा भाग सपाट, उघडा व पाण्यालगत ठेवला. दिसण्यात हे जहाज बेढब होते. बैलगाडीला पुढे बैठक आणि मागे मोकळी साटी असावी तसे. परंतु नळांचे भारे त्यावर थेट आडवे पडत आणि क्रेनला वरून ते अनायासे उचलता येत. जहाजाचे नाव 'एब टाइड', म्हणजे ओहोटी. खलाशी सहसा असे नाव शुभ मानणार नाहीत. पण त्या ओहोटीनंतर जगभर अशा जहाजांची भरती आली. आजही मुंबईच्या समुद्रात चालणारे कोणतेही पुरवठा-जहाज पाहिले तर त्याचा बांधा तोच आहे. फरक इतकाच की डेकखाली आता पाणी, डिझेल, मड आणि कोरडे सिमेंट यांच्या वेगवेगळ्या टाक्या असतात आणि सिमेंट दाबाच्या हवेने नळीतून वर फुंकले जाते.

आरंभीच्या काळात या कामासाठी भारताला बव्हंशी परदेशी जहाजे भाड्याने घ्यावी लागली. १९८० नंतर आयोगाची स्वतःची 'सिंधु' आणि 'समुद्रिका' या नावांची जहाजे आली, शिपिंग कॉर्पोरेशनची आली, खाजगी भारतीय कंपन्यांनीही या व्यवसायात पाऊल टाकले. पहिल्याने मुंबई बंदराच्या धक्क्यांवरून चालणारे काम पुढे खाडीपलीकडे न्हावा येथील तळावर गेले. न्हावा-शेवा म्हटले की लोकांना १९८९ साली सुरू झालेले मोठे कंटेनर बंदर आठवते. त्याच्या शेजारचा हा रसदेचा तळ फारसा कोणी ओळखत नाही. तेथे जहाज भरले जाते, भरती पाहून निघते, आणि आठ-दहा तासांत तेलक्षेत्र गाठते. जहाजांवर देशाच्या सर्व भागांतील माणसे असतात. परंतु डेकवर 'सारंग' आणि 'तांडेल' हे शब्द अजून ऐकू येतात. आगबोटींच्या काळापासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील गावांनी समुद्रावर जी माणसे पाठविली त्यांच्या बोलीचा तो अवशेष आहे.

मुंबई बंदराच्या तोंडाशी या जहाजांच्या वाटेवर, दक्षिणेच्या अंगाला खांदेरीचे बेट दिसते. १९९८ पासून त्याचे सरकारी नाव कान्होजी आंग्रे बेट असे आहे. रसदेच्या इतिहासात या बेटाला मोठे स्थान आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला तेथे तट बांधण्यास धाडले. मुंबईकर इंग्रजांना ते खपण्यासारखे नव्हते. त्यांनी आपली लढाऊ जहाजे बेटाभोवती ठेवली आणि समोरच्या थळ किनाऱ्यावरून येणारे दाणापाणी तोडण्याचा घाट घातला. मोठ्या तोफा इंग्रजांकडे होत्या; मराठ्यांकडे उथळ पाण्यात चालणारे, वल्ह्यांनी हाकता येणारे लहान मचवे होते. रात्री, वारा पडला असता, इंग्रजांची शिडाची जहाजे जागच्या जागी डोलत राहत आणि मचवे त्यांच्या बाजूने निसटून दगड, चुना, धान्य आणि माणसे बेटावर उतरवून परत येत. ऑक्टोबरातील चकमकीत इंग्रजांचे एक गलबतही मराठ्यांच्या हाती लागले. सिद्दी मदतीस आला तरी खांदेरी पडली नाही. तट बांधणाऱ्या मायनाकाचे नाव इतिहासात राहिले. वल्ही मारणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव सामान्य वाचकाला ठाऊक नाही.

तेलक्षेत्रात पोचल्यावर पुरवठा-जहाजाचे खरे काम सुरू होते. ते प्लॅटफॉर्मला बांधून ठेवता येत नाही. पिछाडी प्लॅटफॉर्मकडे करून, थोडे अंतर राखून, क्रेनच्या आवाक्यात तासन्‌तास एका जागी तरंगत राहावे लागते. वारा एका बाजूने, प्रवाह दुसऱ्या बाजूने, आणि मधे हे दोन-तीन हजार टनांचे धूड. अलीकडच्या जहाजांत संगणक स्वतःच पंखे चालवून जागा धरून ठेवतो. पण यंत्र रुसले की सारे कप्तानाच्या मनगटावर येते. कायद्याने प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरांचे सुरक्षा-क्षेत्र आखलेले आहे. तेथे मासेमारी करण्यास कोळ्यांना मनाई आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मासेमारीच्या जागा तेलशोधामुळे अडतात ही त्यांची तक्रार जुनीच आहे. या वर्तुळाच्या आत हक्काने शिरणारे वाहन म्हणजे पुरवठा आणि साहाय्य करणारे जहाज. जो सर्वांत जवळ येतो त्याच्यापासूनच धक्का लागण्याचे भय सर्वांत अधिक, ही या व्यवसायातील जुनी अडचण आहे.

२००५ साली त्या भयाने प्रत्यक्ष रूप घेतले. २६ जुलैला मुंबईवर जो पाऊस कोसळला तो कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, समुद्र अजून खवळलेला होता. 'समुद्र सुरक्षा' हे बहुउद्देशी साहाय्य-जहाज तेलक्षेत्रात पाणबुड्यांच्या कामावर होते. त्यावरील एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. हवामानामुळे हेलिकॉप्टर येणे शक्य नव्हते. म्हणून जखमीला जवळच्या 'मुंबई हाय नॉर्थ' या प्लॅटफॉर्मवर, जेथे वैद्यकीय मदत होती, क्रेनच्या टोपलीतून पोचवावे असे ठरले. जहाज पिछाडीने प्लॅटफॉर्मजवळ आणण्यात आले. परंतु ते आडोशाच्या बाजूने न येता वाऱ्याच्या बाजूने आले, आणि त्याचे पंखे हाताने चालवावे लागत होते. जखमी सुखरूप वर गेला. त्यानंतर एका मोठ्या उसळीसरशी जहाजाचा भाग प्लॅटफॉर्मच्या कडेने वर चढणाऱ्या वायूच्या नळावर आदळला. वेळ दुपारी चारच्या सुमाराची होती. नळ फुटला, वायूने पेट घेतला आणि दोन तासांच्या आत तो अवाढव्य प्लॅटफॉर्म वितळून समुद्रात कोसळला. पाण्यावर फक्त पोलादी खांबांची थोटके उरली.

प्लॅटफॉर्म, शेजारची खोदाई-रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसे त्या वेळी तेथे होती. आठ जीवनरक्षक होड्यांपैकी दोनच पाण्यात उतरू शकल्या, दहा तराफ्यांपैकी एकच. तरीही रात्रभर चाललेल्या शोधात नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी ३६२ जणांना वाचविले. २२ माणसे गेली. त्यांपैकी ११ जणांचा पत्ताच लागला नाही.

त्या दिवशीची एक गोष्ट वर्तमानपत्रांत मागे पडली. 'समुद्र सुरक्षा'वर सहा पाणबुडे दाबाच्या बंद कोठीत होते. खोल पाण्यात अनेक दिवस काम करणाऱ्या पाणबुड्यांना तितक्याच दाबाच्या हवेत ठेवतात. तो दाब कित्येक दिवसांत, हळूहळू उतरवावा लागतो. दार एकदम उघडले तर रक्तात विरलेल्या वायूचे बुडबुडे होऊन माणूस मरतो. जहाज पेटले, इतर सर्व जहाज सोडून गेले, आणि हे सहाजण बाहेर येऊ शकत नव्हते. सुमारे ३६ तासांनी त्यांची जिवंत सुटका झाली. जहाज पुढे किनाऱ्याकडे ओढून आणताना १ ऑगस्टला बुडाले. एका स्वयंपाक्याच्या बोटांसाठी एवढे मोठे जहाज प्लॅटफॉर्मला भिडविले, हा आक्षेप नंतर पुष्कळांनी घेतला. तो घेणे सोपे आहे. जखमी माणसाला मदतीच्या दारात नेणे हे त्या जहाजांचे कर्तव्यच असते. आडोशाची बाजू सोडून जहाज न्यावे लागले आणि वायूचे नळ धक्का बसेल अशा जागी उघडे होते, दोष पाहावयाचा तो तेथे पाहावा.

असे प्रसंग जगात इतरत्रही घडले आहेत. ६ जुलै १९८८ रोजी ब्रिटनच्या उत्तर समुद्रात 'पायपर आल्फा' या प्लॅटफॉर्मला आग लागली आणि १६७ माणसे मेली. तेथे राखणीला असलेल्या 'सिल्व्हर पिट' या जहाजाने आणि त्याच्या लहान होडीने ३७ जणांना ज्वाळांखालून काढले. 'सँडहेव्हन' नावाच्या पुरवठा-जहाजाची होडी त्याच कामी जळाली. तिच्यावरील दोघे त्या १६७ मध्ये मोजले गेले आहेत. ते प्लॅटफॉर्मवर कामाला नव्हतेच.

अरबी समुद्राने आणखी एकदा परीक्षा घेतली ती १७ मे २०२१ ला. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे जात होते. तेलक्षेत्रात कामगारांच्या मुक्कामासाठी 'पापा-३०५' हा तराफा नांगरलेला होता. त्याला स्वतःचे यंत्र नव्हते. नांगर सुटले, तराफा वाहवत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आपटला आणि संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. 'वरप्रदा' ही ओढनौका १३ माणसांसह बुडाली. तिच्यावरील दोघेच वाचले. एकंदर ८६ माणसांचा बळी गेला. नौदलाची 'कोची' आणि 'कोलकाता' ही जहाजे रात्रीच्या काळोखात, त्या लाटांत माणसे वेचीत होती हे देशाने वाचले. त्यांच्याबरोबर 'अहल्या' नावाचे एक साहाय्य-जहाजही होते. पाण्यालगतचा तो सपाट, बुटका डेक, ज्यावर एरवी नळांचे भारे पडतात, बुडत्याला वर ओढून घेण्यास उंच युद्धनौकेहून अधिक सोयीचा असतो हे खलाशी जाणतात.

या जहाजांवरील माणसांची स्वतःची रसद तुटल्याचेही एक उदाहरण आहे. मालवीय हे भारतीय तेलाच्या इतिहासातील आदराचे आडनाव. केशवदेव मालवीय या मंत्र्यांच्या आग्रहामुळे १९५६ साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला. 'मालवीय सेव्हन' हे भारतीय पुरवठा-जहाज २०१६ च्या जूनमध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन बंदरात अडकवून ठेवण्यात आले, कारण खलाशांचे पगार थकले होते. तेलाचे भाव कोसळले होते आणि मालक आर्थिक संकटात होते. जहाज सोडून जावे तर पगारावरील हक्क सोडल्यासारखे होणार, म्हणून काही खलाशी जहाजावरच बसून राहिले. ज्या बंदरात इतरांच्या प्लॅटफॉर्मना अन्नपाणी नेणारी जहाजे रांगेने लागत, त्याच बंदरात या जहाजावरील माणसांना नाविकांच्या धर्मादाय संस्था अन्न पुरवीत होत्या. अखेर न्यायालयाच्या आदेशाने जहाज विकून पगाराची तजवीज झाली आणि २०१७ च्या नोव्हेंबरात शेवटचे खलाशी घरी परतले. सुमारे दीड वर्ष त्यांनी धक्क्यावर काढले.

'सागर सम्राट' अजून समुद्रात आहे. खोदाईचे काम संपल्यावर तिचे रूप पालटण्यात आले आणि २०२२ च्या डिसेंबरपासून ती तेल-वायू वेगळे करणारे फिरते उत्पादन-केंद्र म्हणून मुंबईच्या पश्चिमेस उभी आहे. तिच्यातून येणारा वायू कोठवर जातो हे नकाशावर नळांच्या रेषांनी दाखविता येते. तिच्यावरील माणसांचे पीठ आणि पाणी ज्या वाटेने जाते ती वाट न्हाव्याहून निघते, खांदेरी डावीकडे टाकते आणि पुढे पाण्यावर तिची खूण उरत नाही.